साथसंगत : सानरेमोची गाणी आणि आपला मांडव

गेल्या अंकात गणपती-नवरात्रातल्या गायन स्पर्धांबद्दल लिहिताना मी एक वाक्य जाता जाता टाकलं होतं. इटलीत सानरेमो नावाच्या गावी 1951 पासून फक्त नव्या गाण्यांची स्पर्धा होते आणि लोक मध्यरात्र उलटेपर्यंत टीव्हीपुढे बसतात, एवढंच. त्यावर इतकी पत्रं आली की पेटीच्या भात्याचे आणि पट्टी बदलण्याचे सगळे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकलावे लागले. त्यांनी रागावू नये.

ही स्पर्धा म्हणजे आपल्या टीव्हीवरच्या गाण्यांच्या कार्यक्रमांसारखीच का? मुलं येतात, गातात, परीक्षक रडतात?
*— एक शिक्षिका, तासगाव*

रडारड तिकडेही होते, पण स्पर्धक वेगळा आहे. आपल्याकडे तीच जुनी गाणी घेऊन गळे स्पर्धेला उतरतात. सानरेमोत गाणं उतरतं. ते नवं कोरं हवं, आधी कुठे प्रसिद्ध झालेलं नको. गायक ते घेऊन येतो, इतकंच.

गाव इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावर, फ्रान्सच्या हद्दीजवळ. धंदा फुलांचा. महायुद्ध संपलेलं, हिवाळ्यात गावात आणि तिथल्या कॅसिनोत माणसं यायला हवी होती. अमिल्कारे राम्बाल्दी नावाच्या फुलांच्या व्यापाऱ्याने गाण्यांच्या उत्सवाची कल्पना मांडली. पुढे कॅसिनोचे चालक पिएर बुस्सेत्ती आणि राई या सरकारी नभोवाणीचे जुलिओ रात्सी यांनी ती अमलात आणली. 29 ते 31 जानेवारी 1951, कॅसिनोचा हॉल. लोक टेबलांवर बसून जेवतायत, पुढे नुंझिओ फिलोगामो निवेदन करतायत, बाजूला वाद्यवृंद, आणि हे सगळं रेडिओवर चाललंय. गाणी वीस, गाणारे किती? निल्ला पित्सी, अकिल्ले तोल्यानी आणि फासानो या जुळ्या बहिणी. संपले. पहिलं आलेलं गाणं फुलांचे आभार मानणारं होतं. फुलांच्या गावात दुसरं काय जिंकणार!

दुसऱ्या वर्षी, 1952 ला, पहिला, दुसरा आणि तिसरा, तिन्ही क्रमांक निल्लाबाईंनी गायलेल्या गाण्यांना मिळाले. आपल्या एखाद्या मंडळात असं झालं असतं तर अध्यक्षांना रात्रीच गाव सोडावं लागलं असतं. तिथे कुणाला खटकलं नाही, कारण बक्षीस गाण्याला होतं.

1955 पासून ही स्पर्धा टीव्हीवर आली. 1977 पासून अरिस्टन या थिएटरात होते. मध्ये 1990 चं एक वर्ष सोडलं, तर तिथून हललेली नाही. आता साधारण फेब्रुवारीत, मंगळवार ते शनिवार अशा पाच रात्री. थिएटर मात्र सुमारे दोन हजार खुर्च्यांचं. एवढा बोलबाला ऐकून स्टेडियम डोळ्यांपुढे आणू नका. टीव्हीवर जो भव्य जिना दिसतो, तो नेपथ्यकाराची करामत आहे.

आमच्याकडं आता सगळ्या स्पर्धा ट्रॅकवर, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या साथीवर होतात. आम्हा वाजवणाऱ्यांना कोण विचारत नाही. तिकडं काय परिस्थिती आहे?
*— एक तबलावादक, मिरज*

दादा, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मी स्वतः जन्मभर पेटी वाजवली आणि पुढे कीबोर्ड, त्यामुळे या उत्तरात मी तटस्थ नाही हे आधीच सांगते.

हा रोग तिकडेही होऊन गेलाय. 1980 च्या दशकात सानरेमोतून वाद्यवृंद हद्दपार झाला होता. आधी नुसती साथ टेपवर, मग काही वर्षं तर आवाजसुद्धा टेपवरचा आणि गायक फक्त ओठ हलवणार. 1984 मध्ये पाहुणा म्हणून ‘क्वीन’ हा इंग्रजी बँड आला होता. त्यांच्या गायकाने, फ्रेडी मर्क्युरीने, गाणं चालू असताना माईक मुद्दाम तोंडापासून लांब धरला. ज्याला समजायचं त्याला समजलं. 1990 ला वाद्यवृंद परत आला आणि गाणं पुन्हा जिवंत साथीवर सुरू झालं. ते अरिस्टनबाहेरचं एकच वर्ष, गावातल्या नव्या फूलबाजाराच्या इमारतीत.

आज तिथे मोठा वाद्यवृंद बसतो. प्रत्येक गाण्याचा संचालक वेगळा असू शकतो, आणि मला सगळ्यात आवडतं ते हे : निवेदक गाण्याचं नाव सांगतो, गीतकार-संगीतकारांची नावं सांगतो, आणि मग ‘वाद्यवृंदाचं संचालन करतायत उस्ताद अमुक’ असं म्हणून त्यांच्याकडे हात करतो. रोज, प्रत्येक गाण्याला. बेप्पे वेस्सिक्यो नावाचे दाढीवाले संचालक तर गायकांइतकेच लोकांचे लाडके झाले.

2010 च्या अंतिम रात्री पहिल्या तिघांची नावं जाहीर झाली तेव्हा वादकांना निकाल पटला नाही. मग काय, त्यांनी समोरचे स्वरलिपीचे कागद चुरगाळले आणि भर कार्यक्रमात, कॅमेऱ्यांसमोर स्टेजवर फेकले. मी असं करा म्हणत नाही. पण वाजवणाऱ्याला मत असतं, हे देशाला दिसलं.

आता आपल्याकडचं. मुलगी घरी काळी चारमध्ये बसवून येते, ट्रॅक मिळतो पुरुषी पट्टीतला. मग साउंडवाला पोरगा लॅपटॉपवर तो दोन-तीन पट्ट्या वर ढकलतो. डग्ग्याचा घुमारा मरतो, बासरी किरकिरते, आणि मुलीला पहिली ओळ उचलायला सूरच सापडत नाही. परीक्षक तिचे सुराचे गुण कापतात. ट्रॅकचे गुण कोण कापणार? शिवाय ट्रॅक थांबत नाही. अंतरा अर्धी मात्रा उशिरा उचलला, तर तबलजी एक ठेका जास्त वाजवून तिला सावरून घेतो. तो सावरतोय हे तिसऱ्या रांगेला कळतही नाही.

पैशांचं कारण मला पटत नाही. कीबोर्ड, तबला-ढोलकी, ऑक्टोपॅड आणि एक बासरी किंवा व्हायोलिन, एवढ्यात मंडळाची स्पर्धा होते. ज्या मिरजेत तंबोरा-सतारी घडतात, त्या वाद्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून आपण पेढे वाटले, त्याच मिरजेत स्पर्धा पेनड्राइव्हवर व्हावी? स्टेजची कमान, कागदी फुलांची तोफ आणि धुराच्या मशीनचं बिल एकदा मांडून बघा. वादकांचं मानधन त्यात बसतं.

गायकांकडून तालमीच्या आधी चार गोष्टी कागदावर लिहून घ्या : पट्टी, ताल, लय आणि मधल्या म्युझिक पीसची किती आवर्तनं. आणि निवेदकाला तंबी द्या की वादकांची नावं शेवटी गर्दी उठत असताना नव्हे, प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला घ्यायची.

दर वर्षी परीक्षकांवर आरोप होतो. यंदा सगळं मतदान व्हॉट्सअ‍ॅपवर घ्यावं म्हणतोय. चालंल का, ताई?
*— मंडळाचा एक कार्यकर्ता, विटा*

चालंल की. फक्त मग ज्याची भावकी मोठी त्याचा पहिला नंबर, एवढं ध्यानात ठेवा.

मतांवरून सानरेमोने सगळे प्रयोग करून झालेत. 1984 पासून काही वर्षं तर घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावायच्या ‘टोटिप’ तिकिटावरच गाण्याला मत द्यायची सोय होती. लाखो लोकांनी मतं दिली, ती गाण्यासाठी की तिकिटासोबत, देव जाणे. पुढे फोनवरून मतं आली. 2019 मध्ये प्रेक्षकांच्या फोनमतांत उल्तिमो नावाचा गायक पुढे होता आणि पत्रकार व मान्यवर परीक्षकांच्या मतांनी महमूद जिंकला. गदारोळ झाला, राजकारणी बोलले, आणि नंतरच्या वर्षांत मतांचे वाटे पुन्हा पुन्हा बदलले. 2025 मध्ये प्रेक्षक 34 टक्के, पत्रकार 33, रेडिओवाले 33 अशी वाटणी होती. वाटणी कशीही असो, ती नियमावलीत आधी छापलेली असते. आपल्याकडे भांडण होतं ते याच गोष्टीवरून. निकालाच्या रात्री अध्यक्ष परीक्षकांच्या कानाला लागतात आणि ‘लोकांचाही कल बघा’ म्हणतात.

तुम्ही तीन वाटे करा. परीक्षकांचा एक. हजर प्रेक्षकांचा एक, पण व्हॉट्सअ‍ॅपवर नको. दारात प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या आणि त्यावर दोन गाण्यांची नावं लिहायला लावा. एकच लिहिलं तर चिठ्ठी बाद. दुसरं नाव लिहिताना माणसाला भावकी सोडून विचार करावा लागतो. तिसरा वाटा साथीदारांचा. हे माझ्या मनचं नाही. 2020 आणि 2021 मध्ये जुनी गाणी नव्याने सादर करायच्या रात्री सानरेमोत फक्त वाद्यवृंदातल्या वादकांनीच मतं दिली होती. कोण तालमीला वेळेवर आलं, कुणाला लय कळते, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

नवीन गाण्यांचीच स्पर्धा घ्यायची म्हटलं तर गाणी आणायची कुठून? आणि लोक ऐकतील का?
*— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कवठेमहांकाळ*

ऐकतील का हा प्रश्न सांगली जिल्ह्यातून यावा याचं मला नवल वाटलं. 1955 मध्ये सानरेमो पहिल्यांदा टीव्हीवर दिसली. त्याच वर्षी आपल्या आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्यात जन्मलेले गदिमा पुणे आकाशवाणीसाठी दर आठवड्याला एक नवं गीत लिहीत होते, सुधीर फडके चाल लावत होते, आणि माणसं रेडिओला हार घालून ऐकायला बसत होती. त्याच्याही आधी हरिपूरच्या देवलांच्या नाटकाला लोक जात ते नवी पदं ऐकायलाच. सांगलीचा श्रोता नव्याला कधी बिचकलेला नाही. नवं त्याच्यापुढे ठेवायचंच आपण बंद केलं.

गाणी तुमच्या वर्गात आहेत. वह्यांच्या मागच्या पानावर कविता लिहिणारी मुलं असतात, खोलीवर गिटार वाजवणारी असतात. त्यांची गाठ घालून द्यायची. प्रवेशअर्जासोबत गाण्याचे शब्द आणि मोबाइलवर साधं ध्वनिमुद्रण, एवढंच मागा. स्टुडिओतलं मागितलंत तर पैसेवाल्यांचीच गाणी येतील.

सानरेमोची एक जुनी पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. 1953 पासून पुढची जवळपास दोन दशकं बहुतेक वेळा एकच गाणं दोन वेगळे गायक, दोन वेगळ्या संगीतसंयोजनांत सादर करत. गाणं कसाला लागायचं. एका गळ्यात नटलेलं दुसऱ्याकडे पडलं, तर ते गाणं नव्हतं, गळा होता. 1958 चं विजेतं गाणं, जे पुढे ‘व्होलारे’ म्हणून जगभर गाजलं, तेही असंच दोघांनी गायलं : दोमेनिको मोदुन्यो आणि जॉनी दोरेल्ली. मोदुन्यो त्या गाण्याचा एक कर्ताही होता. निळ्या आकाशात उडण्याचं गाणं, आणि त्याने ध्रुवपदाला दोन्ही हात सताड पसरले. तोवर तिथले गायक हात छातीशी घेऊन सभ्यपणे उभे राहायचे. त्याच वर्षीच्या युरोव्हिजन या युरोपातल्या देशांच्या गाण्यांच्या स्पर्धेत हे गाणं तिसरं आलं. पण 1959 मध्ये अमेरिकेतल्या पहिल्यावहिल्या ग्रॅमीत सर्वोत्तम गाणं आणि सर्वोत्तम ध्वनिमुद्रण हे दोन्ही सन्मान त्यालाच मिळाले. (युरोव्हिजनची कल्पनाही सानरेमोवरूनच घेतलेली, 1956 ची.)

‘नवं’ म्हणजे काय हे मात्र नियमात नीट लिहा. 2018 मध्ये एका जोडीच्या गाण्यातलं ध्रुवपद आधीच्या एका गाण्यात येऊन गेलंय असा आक्षेप निघाला. त्यांचं एका रात्रीचं सादरीकरण रोखलं, कागद तपासले, नियमात बसतं असं ठरलं आणि शेवटी तेच गाणं जिंकलं. तुम्ही सरळ लिहा की स्पर्धेआधी गाण्याचं रील टाकलं तर प्रवेश रद्द. आणि बक्षिसाचे पैसे गीतकार, संगीतकार आणि गायक अशा तिघांत वाटा. ढाल गायकाच्या घरी आणि गीतकाराला नुसत्या टाळ्या, असं नको.

माझी मुलगी पहिल्या फेरीत बाहेर पडली. तेव्हापासून ती गातच नाही. स्पर्धेत घातलं हेच चुकलं का?
*— एक आई, वाळवा तालुका*

तुमचं चुकलं नाही. निकाल सांगायची पद्धत चुकली असणार. एवढ्या पोरांसमोर माईकवरून ‘खालील स्पर्धक पुढच्या फेरीत नाहीत’ म्हणून यादी वाचायची, हे मी स्वतः ऐकलंय आणि त्यावर आयोजकांशी भांडलेही आहे.

सानरेमोच्या इतिहासात याचं एक काळं पान आहे. 1967 मध्ये लुइजी तेंको या तरुण, गुणी गीतकार-गायकाचं गाणं फेरीतून बाद झालं आणि त्याच रात्री हॉटेलच्या खोलीत त्याचा मृत्यू झाला. स्पर्धा दुसऱ्या दिवशी चालूच राहिली, याची बोच अनेकांना आयुष्यभर राहिली. त्यात राम्बाल्दीही होते, ज्यांच्या डोक्यातून हा उत्सव निघाला तेच. त्यांनी पुढे तेंकोच्या नावाने संस्था काढली आणि 1974 पासून गीतकार-गायकांचा एक मेळा सुरू केला. तोही सानरेमोतच, पण त्यात स्पर्धा ठेवली नाही.

मुलीला दुसरी गोष्ट सांगा. 1983 मध्ये वास्को रोस्सी नावाचा गायक सानरेमोत शेवटून दुसरा आला. 1985 मध्ये झुक्केरोची तीच गत. दोघंही पुढे इटलीतले मोठ्यात मोठे गायक झाले, आणि त्यांची ती पडलेली गाणी लोक आजही म्हणतात. त्या वर्षीच्या परीक्षकांचं नाव कुणाच्या लक्षात आहे?

पण गोष्ट सांगून लगेच पेटी पुढे करू नका. एखाद्या संध्याकाळी तुम्हीच काहीतरी गुणगुणा, चुकीच्या सुरात. गाणारी मुलगी चुकीचा सूर फार वेळ सहन करत नाही.

सानरेमो रात्री दोनपर्यंत चालते म्हणे. आम्हाला दहाला माईक बंद करावा लागतो आणि आमची अंतिम फेरी कायम अर्धवट राहते.
*— आयोजक, कराड*

तिचा उशीर हा तिथेही थट्टेचाच विषय आहे, त्यांचं अनुकरण नको. उघड्या मांडवाला दहाची मर्यादा, काही ठरावीक सणांना बाराची, हे आपल्याला माहीत असतंच. मग उशीर गाण्यांनी होतो का? एकदा घड्याळ लावून बघा. वीस गाणी पाच मिनिटांच्या हिशोबाने धरली तरी पावणेदोन तासांत आटोपतात. उरलेला वेळ दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, ‘दोन शब्द’ आणि उशिरा आलेल्या पाहुण्यासाठी थांबवलेलं गाणं, यांत जातो.

1968 मध्ये सानरेमोत लुई आर्मस्ट्राँग गायला आला होता. केवढा मोठा माणूस! गाणं संपलं तरी गडी रंगात येऊन ट्रम्पेट वाजवत राहिला. शेवटी निवेदक पिप्पो बाउदो, जे एकूण तेरा वेळा या उत्सवाचे निवेदक झाले, त्यांनीच पुढे होऊन त्याला आदबीने स्टेजवरून आत नेलं. आर्मस्ट्राँगला आवरता येतं, तर आपल्या सभापतींना का नाही? सत्कार गाण्यांच्या आधी, साडेसहाला. जो वेळेवर आला त्याचाच.

या स्पर्धेचा मालक कोण? टीव्ही चॅनेल?
*— वाचक, विश्रामबाग, सांगली*

नाही, सानरेमोची नगरपालिका. राई करार करून भरवते. डिसेंबर 2024 मध्ये तिथल्या न्यायालयाने सांगितलं की हे काम निविदा न काढता परस्पर राईला देता येणार नाही. आपल्याकडच्या कुठल्या नगरपालिकेच्या नावावर गाणं आहे, मला कळवा.

गायक-गायकांत भांडण होऊन स्पर्धा कधी थांबली का तिथे? आमच्याकडे युगलगीताच्या फेरीत झाली.
*— वाचक, जत*

स्पर्धा थांबली नाही, जोडी बाद झाली. 2020 मध्ये बुगो आणि मॉर्गन या जोडीचं आधीपासून बिनसलेलं होतं. चौथ्या रात्री मॉर्गनने ऐनवेळी गाण्याचे शब्द बदलून जोडीदाराचे वाभाडे काढणाऱ्या ओळी म्हणायला सुरुवात केली. बुगोने ऐकलं, समोरचा कागद उचलला आणि सरळ निघून गेला. मॉर्गन एकटाच उभा, वाद्यवृंद गप्प, निवेदक अमादेउस विंगेत शोधतायत. पुढे गाणं पूर्ण झालंच नाही म्हणून दोघांनाही बाद केलं.

तुमच्या नियमावलीत दोन ओळी वाढवा : दिलेल्या शब्दांत बदल केल्यास प्रवेश रद्द, आणि युगलगीतातला एक जण स्टेज सोडून गेला तर दोघंही बाद. त्यावर दोघांच्या सह्या तालमीच्या दिवशीच घ्या, स्पर्धेच्या दिवशी कुणी वाचत नाही.